‘तुम्ही कसे वाचलात?’ हे न विचारता: लढाईतून परतलेल्यांच्या आठवणींवर माहितीपट कसा करावा

भारत-चीन युद्धात, 18 नोव्हेंबर 1962 च्या रविवारी पहाटे, लडाखमधील चुशूल खोऱ्याच्या आग्नेयेला असलेल्या रेझांग ला या खिंडीवर 13 कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी मोर्चे धरून होती. मेजर शैतान सिंह यांच्या हाताखाली सुमारे 120 जवान होते. त्यांतले बहुतेक आजच्या हरियाणातील रेवाडी, नारनौल, गुडगाव या टापूतल्या अहीर शेतकऱ्यांचे मुलगे होते, आणि 16 हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या त्या थंडीत त्यांच्या हाती प्रामुख्याने .303 च्या जुन्या रायफली होत्या. मध्ये आलेल्या डोंगरधारेमुळे मागच्या तोफांचा मारा त्यांच्या मदतीला येऊ शकत नव्हता. त्या दिवशी कंपनीतले 110 हून अधिक जण मारले गेले. जे मोजके जण खाली परतले किंवा चिनी कैदेतून सुटून आले, त्यांनी जे सांगितले त्यावर प्रथम फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. 1963 च्या फेब्रुवारीत एक लडाखी मेंढपाळ त्या बाजूला गेला, त्याच्या सांगण्यावरून शोधपथक वर पोहोचले, आणि बर्फात गोठलेले जवान आपापल्या मोर्च्यात, हातात शस्त्रे तशीच असलेले आढळले. सैन्याच्या वैद्यकीय दलातला धरमपाल दहिया हातातल्या सिरिंजसह सापडला. वाचलेल्यांचे म्हणणे अशा रीतीने तीन महिन्यांनी खरे ठरले.

वाचलेल्यांच्या आठवणींवर माहितीपट करू पाहणाऱ्या कोणीही सुरुवात या तीन महिन्यांपासून करावी, असे माझे मत आहे. ‘शेवटचा माणूस, शेवटची गोळी’ हे शब्द रेझांग लाच्या बाबतीत सहज वापरले जातात आणि ते गौरवाचेच आहेत. पण त्या वाक्यात जिवंत परतलेल्याला जागा उरत नाही. मग तो आयुष्यभर आपण कसे वाचलो याचा खुलासा देत राहतो, कधी गावाला तर कधी सोबत्याच्या विधवेला. आपला कॅमेरा समोर मांडला की तो पुन्हा तोच खुलासा सुरू करतो, आणि ज्यासाठी आपण गेलो ती लढाई बाजूला राहते. पुढे सांगितलेली कामाची रीत या एका अडचणीतून तयार झाली आहे. रेझांग लातून परतलेल्यांपैकी आता फार थोडे उरले असले, तरी 1971 च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, आणि त्यांतले कितीतरी सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागांत आपल्याच तालुक्यात राहतात. 10 डिसेंबर 1971 च्या रात्री आजच्या बांगलादेशातील जमालपूरजवळ पाकिस्तानच्या 31 बलुच पलटणीची निसटण्याची वाट अडवून बसलेली पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची 1 मराठा होती, एवढे जरी लक्षात घेतले तरी काम घराजवळ किती आहे हे कळेल.

लढाई लहान करून घ्या

पहिला निर्णय विषयाच्या आकाराचा असतो. ‘1962 चे युद्ध’ हा आठवणींवरच्या माहितीपटाचा विषय होऊ शकत नाही, कारण कोणत्याही जवानाला युद्ध आठवत नसते. त्याला त्याचा मोर्चा, उजवीकडचा आणि डावीकडचा सोबती आणि समोरचा उतार आठवतो. रेझांग लावर 7, 8 आणि 9 क्रमांकाच्या तीन प्लाटून, म्हणजे कंपनीतल्या लहान तुकड्या, वेगवेगळ्या टेकाडांवर होत्या आणि त्यांच्यामधले अंतर इतके होते की एका प्लाटूनवर काय गुदरले हे दुसरीला नीट दिसणे अवघड होते. म्हणून एक कंपनी, जमल्यास एक प्लाटून आणि एक रात्र एवढेच घ्या. एकाच तुकडीतले तीन साक्षीदार वेगवेगळ्या पलटणींतल्या तीस साक्षीदारांपेक्षा उपयोगी पडतात, कारण तिघांच्या सांगण्याचा एकमेकांशी ताळा घालता येतो.

आधी कागद, मग माणूस

मुलाखतीला जाण्यापूर्वी कागद वाचून घ्यावेत. पदकांसोबतची प्रशस्तिपत्रे सर्वांत सहज मिळतात आणि त्यांत तारीख, ठिकाण व हुद्दा असतो. रेझांग लासाठी शैतान सिंह यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले आणि कंपनीच्या वाट्याला आठ वीर चक्रे आली, म्हणजे नऊ प्रशस्तिपत्रे झाली. मात्र ती गौरवासाठी लिहिलेली असतात, तेव्हा त्यांतली तारीख घ्यावी आणि विशेषणे सोडून द्यावीत. युद्ध डायरी पलटणीत रोजच्या रोज लिहिली जाते, पण जी कंपनी जवळजवळ संपूर्ण गेली तिची त्या दिवसाची नोंद दुसऱ्या कोणीतरी ऐकीव माहितीवरून केलेली असणार, हे वाचताना विसरू नये. संरक्षण मंत्रालयाने 2021 च्या जूनमध्ये युद्धविषयक कागदपत्रे साधारणतः 25 वर्षांनी खुली करण्याचे धोरण मंजूर केले. तरी प्रत्यक्षात कोणता कागद मिळेल याचा भरवसा धरून वेळापत्रक आखू नका. आपल्या भागात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तालुक्यातली माजी सैनिक संघटना आणि मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगावचे सेंटर, म्हणजे रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र, या तीन दारांवर आधी जावे.

कागदांतून माणसांची यादी करताना नावावर विसंबू नका, सैनिक क्रमांक मिळवा. रेझांग लाच्या एकाच कंपनीत एक जमादार रामचंद्र होते, ज्यांना वीर चक्र मिळाले, आणि मेजरांच्या जवळ वायरलेस सांभाळणारे दुसरे रामचंद्र यादव होते. आपल्याकडे एकाच कंपनीत चार पाटील, तीन जाधव आणि दोन ‘शिवाजी’ असतात. या गोंधळाची किंमत मी शेवटी सांगणार आहे.

पहिली भेट रिकाम्या हातांनी

पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊ नये. चहा घ्यावा, आपण कोण आणि हे कशासाठी हवे आहे ते सांगावे, आणि संमतिपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत देऊन चार दिवस त्यांच्याकडेच ठेवावे. त्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: मुलाखत कधीही थांबवता येईल, सांगितलेला कोणताही भाग चित्रपट पूर्ण होण्यापूर्वी मागे घेता येईल, आणि संपूर्ण ध्वनिमुद्रणाची एक प्रत कुटुंबाला मिळेल. आजार आणि औषधाच्या वेळा सुनेला किंवा मुलीला विचारून घ्याव्यात. सकाळी दहा ते बारा ही वेळ बहुतेक वृद्धांना सोसते आणि एका बैठकीत दीड तासाच्या पुढे जाऊ नये.

याच भेटीत आणखी एक विनंती करावी: मुलाखतीच्या दिवशी ब्लेझर आणि पदके घालू नयेत. हे सांगताना संकोच वाटतो, कारण घरच्यांनी ब्लेझर इस्त्री करून ठेवलेला असतो. पण पदके अंगावर चढली की माणूस शाळेतल्या 26 जानेवारीच्या भाषणाकडे वळतो. पदकांचे चित्रीकरण दुसऱ्या दिवशी सावकाश करता येते.

मुलाखत

खोली निवडताना प्रकाशापेक्षा आवाजाला महत्त्व द्या. चित्र थोडे काळपट आले तर प्रेक्षक चालवून घेतो, पण न कळणारी साक्ष वायाच जाते. पंखा बंद, फ्रीज बंद, दारे लावलेली, आणि स्वयंपाकघरात कुकर लागणार नाही याची आधीच विनंती केलेली असावी. फ्रीज बंद करताना आपल्या मोटारसायकलची किल्ली त्यातच ठेवावी, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करण्याचे विसरत नाही. एका घरातले दूध नासवल्यानंतर मी हे शिकलो. सदऱ्याला लावायचा छोटा माइक आणि थोड्या अंतरावरचा दुसरा माइक असे दोन स्वतंत्र ट्रॅक 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिटवर मुद्रित करावेत, आणि बैठक संपल्यावर सर्वांनी गप्प राहून खोलीतली शांतता एक मिनिट मुद्रित करावी, कारण संकलनात तुकडे जोडताना तीच लागते. कॅमेरा 25 फ्रेमवर आणि शटर 1/50 वर ठेवले, तर आपल्याकडच्या 50 हर्ट्‌झच्या विजेवरचे दिवे चित्रात लुकलुकत नाहीत. तंत्राविषयी एवढे पुरे.

प्रश्नांचा क्रम लढाईपासून फार दूर सुरू करावा. गाव, भरतीचा दिवस, पहिला पगार कोणाच्या हातात दिला, सेंटरमधला उस्ताद, पलटणीतला लंगर, त्या मोसमात मिळालेले बूट. बूट आणि जेवण यांविषयी सहसा कोणी भाषण करत नाही, त्यामुळे माणूस आपल्या रोजच्या बोलीत येतो आणि पुढे लढाईही त्याच बोलीत सांगतो. त्याला हिंदी किंवा ‘शुद्ध’ मराठीत बोलण्याचा आग्रह करू नये. नफरी, मोर्चा, गस्त, राउंड, फायर हे शब्द त्याच्या मराठीतलेच आहेत. खाली उपशीर्षके द्यावीत, पण त्याचा आवाज झाकून दुसऱ्याचा आवाज घालू नये.

लढाईपर्यंत पोहोचल्यावर ‘तेव्हा काय वाटले?’ आणि ‘तुम्ही कसे वाचलात?’ हे दोन प्रश्न वहीतून खोडून टाकावेत. पहिल्याला बातम्यांतून ऐकलेले उत्तर मिळते आणि दुसऱ्यात आरोप लपलेला असतो, आपल्या मनात नसला तरी. त्याऐवजी जागा विचारावी: उजवीकडे कोण होता, किती पावलांवर, पाणी कुठे ठेवले होते, पहिला आवाज कोणत्या बाजूने आला, खाली येताना कोणती वाट धरली आणि सोबत कोण होते. ‘कोणती वाट धरली’ या प्रश्नाला खुलासा द्यावा लागत नाही, आणि वाचण्याची सगळी हकिगत त्याच उत्तरात येते. रेझांग लाच्या रामचंद्र यादवांसारखा, जखमी मेजरांच्या शेवटच्या वेळी सोबत असलेला माणूस समोर असेल, तर साहेबांना कुठे टेकवले, ऊन कुठून येत होते, पट्टी कशाची बांधली असे विचारावे आणि मग गप्प बसावे. ही शांतता भरून काढण्याची घाई नवख्या मुलाखतकाराला आवरत नाही.

जागा आठवण्यासाठी नकाशा समोर ठेवण्यापेक्षा ताट द्यावे. मी परातीत ज्वारी पसरून देतो आणि टेकडी हाताने करायला सांगतो. 1971 ची लढाई लढलेल्या एका निवृत्त हवालदारांनी, गावात सगळे त्यांना आबा म्हणत, काडेपेटी एलएमजीच्या, म्हणजे हलक्या मशीनगनच्या, जागी ठेवली आणि अडकित्त्याने फोडलेली सुपारीची खांडे माणसांच्या जागी मांडली. नऊ खांडे मांडून झाली, दहावे त्यांनी मुठीत धरले आणि पुढचे चाळीस मिनिटे ते मुठीतच होते. शेवटी मी विचारले, ‘आबा, हा कुठं होता?’ ते म्हणाले, ‘ह्याची जागा मला सांगता येत न्हाई, पोरा. मी वळलो तवा हा तिथं नव्हता.’ माझ्या जुन्या पद्धतीने मी तेव्हाच पुढचा प्रश्न टाकला असता. त्या दिवशी सुदैवाने टाकला नाही. परातीवरून कॅमेरा न हलवता घेतलेले ते दृश्य चित्रपटात जसेच्या तसे आहे, आणि शेवटच्या नावांच्या पाटीखेरीज त्या जवानाविषयी आम्ही त्यापलीकडे काहीही दाखवलेले नाही.

सांगणाऱ्याचा हात थरथरू लागला, तो एकच वाक्य परत परत म्हणू लागला किंवा वर्तमानकाळात बोलू लागला, तर चित्रण थांबवावे आणि पुन्हा गावाकडे, पिकाकडे वळावे. ‘आबा, ती गोष्ट सांगा ना, ती टँकची’ असे दारातून सुचवणाऱ्या मुलांना आणि नातवंडांना मात्र प्रेमाने बाहेर बसवावे लागते. त्यांना हवी असलेली गोष्ट शेकडो वेळा सांगून गुळगुळीत झालेली असते.

ताळा घालणे

मुलाखतीचा शब्दन्‌शब्द उतरवून काढल्यावर प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण करावी: डोळ्यांनी पाहिलेले, त्याच दिवशी दुसऱ्याकडून ऐकलेले, नंतर वाचलेले किंवा समारंभात ऐकलेले. शंका असेल तेथे फोन करून सरळ विचारावे, ‘हे तुम्ही पाहिलंत की नंतर कळलं?’ जवानांना हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही. गस्तीवरून परतल्यावर त्यांना हाच प्रश्न विचारला जात असे.

वेळ आणि उजेड यांसाठी जुने पंचांग हे फार चांगले साधन आहे. 1962 ची दिवाळीची अमावास्या 28 ऑक्टोबरच्या सुमारास होती, त्यामुळे 18 नोव्हेंबरची पहाट पौर्णिमेनंतर सहा-सात दिवसांनी, कार्तिक वद्य षष्ठी-सप्तमीच्या आसपास येते. म्हणजे उत्तररात्री अर्ध्याच्या आसपासचा चंद्र आकाशात असणार. कोणी ‘डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं’ असे म्हणाले, तर तो खोटे बोलतो असे ठरवू नका. ढग, हिमवर्षाव किंवा डोंगराची सावली होती का, हे दुसऱ्या साक्षीदाराला विचारा. माणसांना तारखा आठवत नसल्या तरी सण आठवतात. चीनचा मोठा हल्ला 20 ऑक्टोबरला, दिवाळीच्या आठवडाभर आधी सुरू झाला होता, तेव्हा ‘फराळाचं पार्सल येण्याआधी की नंतर’ असा प्रश्न कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त काम करतो.

दोन साक्षी जुळल्या नाहीत, तर त्यांची सरासरी काढू नये. दोन्ही ठेवाव्यात, एकामागून एक, आणि कोण कुठे उभा होता ते परातीवर किंवा नकाशावर दाखवावे. बहुतेक वेळा मतभेद तेथेच सुटतो. आकड्यांबाबत याहून कठोर राहावे लागते. रेझांग लाच्या मृतांचा आकडा कुठे 110, कुठे 113, कुठे 114 असा सापडतो, आणि त्यामागे कोणाला कोणत्या यादीत धरले याचा फरक आहे; तेवढे सांगून पुढे जाता येते. चिनी बाजूच्या मृतांचे आकडे मात्र शेकड्यापासून हजारापलीकडे जातात आणि पडताळणीचे साधन आपल्या हाती नाही. ते जवानाच्या तोंडी त्याचा अंदाज म्हणून येऊ द्यावेत. पडद्यावर आपल्या अक्षरांत लिहू नयेत. देशप्रेम कमी पडले अशी टीका यावर होते, ती ऐकून घ्यावी.

त्याच पलटणीतले पण त्या मोर्च्यावर नसलेले लोकही साक्षीदार असतात. 2021 मध्ये चुशूलच्या नूतनीकरण झालेल्या स्मारकाच्या उद्घाटनाला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ज्यांची चाकाची खुर्ची स्वतः ढकलत नेली, ते निवृत्त ब्रिगेडियर आर. व्ही. जटार 13 कुमाऊँचेच होते. अशा माणसाकडून लढाईचा तपशील मागण्यापेक्षा आदल्या आठवड्यातली पलटण, रसद आणि नंतरच्या दिवसांतली शांतता यांविषयी विचारावे.

जागेवर जाणे

रणभूमीचे चित्रण लढाईच्याच मोसमात करावे. रेझांग लासाठी नोव्हेंबरमध्ये जावे, कारण जुलैतले निळे आकाश आणि पर्यटकांचे लडाख त्या पहाटेशी विसंगत दिसते. 3,500 मीटरवरच्या लेहमध्ये किमान दोन दिवस विश्रांती घेतल्याशिवाय 4,300 मीटरच्या आसपासच्या चुशूलकडे निघू नये. सीमाभागातील प्रवेशाचे नियम बदलत असतात आणि खिंडीचा प्रत्यक्ष परिसर सैन्याच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे लेखी परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये. ड्रोनचा विचारही करू नये. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. वारा मात्र भरपूर मुद्रित करावा. पैसे किंवा परवानगी नसेल, तर जाण्याचा हट्ट सोडावा, परात पुरते.

संकलन आणि परत दाखवणे

नाट्यरूपांतर टाळावे, असे मी ठामपणे म्हणेन. भाड्याने आणलेल्या गणवेशातली तरुण मुले आणि संगणकावरची आग आली, की म्हाताऱ्याचा चेहरा प्रेक्षकाला कंटाळवाणा वाटू लागतो. चेहरा, परात, पत्रे, पेबुक (जवानाचे पगाराचे पुस्तक), ती जागा आणि काळा पडदा एवढ्यावर तासभराचा चित्रपट उभा राहतो. पार्श्वसंगीत असलेच तर आठवण सांगून संपल्यानंतर यावे. मूळ मुद्रण तीन ठिकाणी ठेवावे, त्यांतले एक दुसऱ्या गावात, आणि प्रत्येक फाइलच्या नावात सैनिक क्रमांक, तारीख व बैठकीचा क्रमांक लिहावा. सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र आणि सैन्याशी संबंधित चित्रणासाठी ना हरकत पत्र लागेल का, ही चौकशी संकलन संपण्याआधी करावी.

कच्चे संकलन सर्वांत आधी ज्यांच्या आठवणी आहेत त्यांना, त्यांच्याच घरी दाखवावे आणि त्या वेळी वही हातात ठेवावी. आबांना आम्ही लॅपटॉपवर चित्रपट दाखवला तेव्हा ते पूर्ण वेळ काहीच बोलले नाहीत. शेवटी मृतांच्या नावांची पाटी आली, त्यात मुठीतल्या सुपारीच्या त्या जवानाचे नाव, आणि खाली खानापूर, जिल्हा सांगली. आम्ही त्या खानापुरात दोनदा जाऊन आलो होतो, त्याच नावाच्या एका कुटुंबाला पत्रही दिले होते, आणि त्यांनी आमच्याकडे कोणी सैन्यात नव्हते असे सांगितल्यावर घराणे गाव सोडून गेले असावे, असा निष्कर्ष काढून मोकळे झालो होतो. आबांनी पडद्यावर बोट टेकवले. ‘ह्यो आमच्याकडचा नव्हं. बेळगावाकडच्या खानापूरचा. कानडीत शिव्या द्यायचा.’ सैनिक क्रमांक आमच्याकडे सुरुवातीपासून होता; सेंटरला तो कळवून पत्ता मागण्याचे काम राहून गेले होते. पाटी त्याच रात्री बदलली, आणि पुढच्या आठवड्यात बेळगावला अर्ज दिला.